शेंदराखालचे सात किनारे

आई, काल शाळेत वर्तमानपत्र वाचता वाचता तुझा भयंकर राग आला. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. आता रागावून कुणाचं काय भलं होणार, हे मला कळतं; मेलेल्या माणसावर राग धरू नये, असं मीच वर्गात मुलींना सांगत असते. पण आला तो आला. बातमी चार ओळींची होती. लढाईमुळे विलायतेतले समुद्रकिनारे बंद केलेत, काटेरी तारा ओढल्यात, वाळूत सुरुंग पुरलेत, माणसानं पाय ठेवायची सोय नाही. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, बरं झालं, बंदी म्हणजे काय ते त्यांनाही कळू दे. मी मान डोलावली. मनात मात्र पहिला विचार आला तो तिथल्या तुझ्या दोराच्या किनाऱ्याचा, जिथं तू दोर धरून उतरायचीस. त्या दोरालाही आता तार गुंडाळली असेल का? आणि मग माझं मलाच हसू आलं, आणि हसू संपल्यावर राग आला. तिथले किनारे तारेच्या मागे गेले, आणि तू तिथून उचलून आणलेले सात दगड इथे आपल्या कुरवंडे गावच्या झऱ्यावर देव होऊन बसलेत. त्यातला एक माझा आहे. आणलेस साती माझ्यासाठी, पण तो खास माझा. तो मला परत हवाय, आणि तो मला मिळत नाही. एवढीच गोष्ट आहे, पण ती सांगायला गावात एक माणूस नाही, म्हणून तुलाच लिहायला बसले.

वडील गेले तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि तू लोणावळ्याला रेल्वेतल्या साहेबाच्या बंगल्यावर आया म्हणून राहिलीस. रोज पहाटे कुरवंड्याहून चालत जायचीस, दिवेलागणीला परत. मी मावशीजवळ. एकदा बाजारच्या दिवशी मावशी मला बंगल्यावर घेऊन आली होती, तुला आठवतं? मागच्या व्हरांड्यात तू साहेबाच्या मुलीचे केस विंचरत बसली होतीस. माझ्याच वयाची मुलगी, भुरे केस, पायांत मोजे. मला पाहून तुझा हात थांबला नाही. नुसती डोळ्यांनी खूण केलीस, की वर येऊ नकोस, पाय चिखलाचे आहेत. मी खाली उभी राहिले आणि किती वेळा फणी फिरली ते मोजत बसले. माझे केस मावशी दोन फटकाऱ्यांत उरकायची. आता माझ्या वर्गातली एखादी मुलगी दुसरीचे केस विंचरताना दिसली तरी मी उगाचच ओरडते, आणि त्या बिचाऱ्यांना कारण कळत नाही.

मग मेमसाहेब मुलीला घेऊन विलायतेला निघाली आणि तुला बरोबर घेतलं. दोन वर्षांसाठी. मी सात वर्षांची. लोणावळ्याच्या फलाटावर तू नवं लुगडं नेसून, आयुष्यात पहिल्यांदा बूट घालून उभी होतीस आणि भुरी मुलगी तुझं बोट धरून होती. माझा ओठ थरथरायला लागला तेव्हा तू खाली वाकलीस. मला वाटलं, जवळ घेशील. तू कानात म्हणालीस, “रडू नगं. मेमसाब बघतीया.” मी नाही रडले. गाडी हलली तरी नाही आणि घरी गेल्यावरही नाही. माणसाला लहानपणी एखादी गोष्ट इतकी चांगली शिकवू नये, की ती पुढे कधी विसरताच येऊ नये.

दोन वर्षांनी तू आलीस ती पत्र्याची पेटी घेऊन. सगळी आळी ओट्यावर जमली होती. समुद्र ओलांडलेल्या बाईच्या हातचं पाणी प्यायची लोकांची तयारी नव्हती, पण पेटीत काय आहे ते बघायची मात्र होती. मावशीला शाल निघाली, काकाला चाकू निघाला. माझ्यासाठी लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं एक जड गाठोडं. मी मनात बाहुली धरून बसले होते, भुऱ्या केसांची. गाठ सोडली तर दगड. सात दगड. कुरवंड्यात दगडांचा काय दुष्काळ पडला होता, आई? चहूकडे कडे, खाचराच्या बांधाला दगड, वाटेत ठेचेला दगड, आणि तू बोटीतून, आगगाडीतून, हजारो कोस ओझं वाहून काय आणलंस तर दगड. मी त्यातला एक उचलून भिरकावला. तो ओट्याखालच्या पाण्याच्या मडक्याला लागला, मडकं फुटलं, आणि तू मला थोबाडीत मारलीस. जन्मात एकदाच मारलीस, तीही परत आल्याच्या पहिल्याच दिवशी, आळीसमोर. मग स्वतःच मडक्याच्या खापऱ्यांत हात घालून दगड शोधलास, पदरानं पुसलास, आणि तो फुटला नाही ना, हे उजेडात धरून पाहिलंस. माझ्या गालाकडे पाहिलं नाहीस.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना तू ते सात दगड चुलीच्या कडेला ओळीनं मांडलेस. पुढे पाच वर्षं ते तिथंच होते. मी फुंकणीनं जाळ करायचे आणि तू सांगायचीस. पहिल्यांदा म्हणे मेमसाहेबानं तुला मोठ्या किनाऱ्यावर नेलं, जिथं बँड वाजतो, गाढवांवर पोरं बसतात आणि बायाबापड्या खुर्च्या टाकून ऊन खात पडतात. तिथं तुझ्याभोवती ही गर्दी. कुणी लुगड्याला हात लावून बघतंय, कुणी नथीकडे बोट दाखवतंय, एका म्हाताऱ्यानं तर गाढवं सोडून पोरांना तुझ्याकडे वळवलं. मेमसाहेब लाल झाली. त्या दिवसानंतर ती बया नकाशा घेऊन बसायची आणि जिथं कुणी जात नाही असे किनारे हुडकून काढायची. तुझ्यामुळे तिची लाज जायची म्हणून. पण तुझं त्यात भलं झालं. “तितं कुनी बघाया नवतं,” तू म्हणायचीस, आणि असं म्हणताना तुझा चेहरा मी एरवी कधी पाहिला नाही तसा व्हायचा. “कासोटा वर खोचला आन् शिरले समिंद्रात. गुडघ्यापत्तोर. कुनाची भीड न्हाई.” मी जाळाकडे बघत विचार करायचे, की मी इथं मावशीच्या शेणाच्या पाट्या उचलत होते तेव्हा ही बाई तिथं गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहून सुखात होती.

तुला नावं येत नव्हती, म्हणून तू आपलीच ठेवली होतीस. दोराचा किनारा, कारण पांढऱ्याशुभ्र चुनखडीच्या कड्यावरून दोर धरून उतरावं लागायचं आणि मेमसाहेब वरून किंचाळायची, तर तू आपल्या नागफणीच्या कड्यापाशी वाढलेली पोर, भुऱ्या मुलीला पाठुंगळी घेऊन सरसर उतरायचीस. एका ठिकाणची माती आपल्या खाचरासारखी तांबडी होती, इतकी की तू ती हुंगून पाहिलीस. कुत्र्यांचा किनारा मला सगळ्यांत आवडायचा; तिथं पाण्यातून कुत्र्यांसारखी मिशांची काळी डोकी वर यायची (ते सील, हे मला पुढे पुस्तकातून कळलं) आणि तुझ्याकडे टक लावून बघायची, पण त्यांचं बघणं तुला चालायचं. एका किनाऱ्याला वाळूच नव्हती, नुसते गोटे. लाट परत फिरली की घमेल्यात हरभरे भाजल्यासारखा आवाज, असं सांगून तू तोंडानं तो काढूनही दाखवायचीस. एक पळपुट्या, जिथं समुद्र सकाळी असायचा आणि दुपारी तासभर चाललं तरी हाती लागायचा नाही. एक मी साफ विसरले, आई. कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही, आणि विचारावं असं कुणी नाही. आणि सातवा, तो करडा, चपटा, मधून पांढरी रेघ गेलेला. ज्यानं मडकं फोडलं होतं तोच. त्याचं विचारलं की म्हणायचीस, “त्यो मुका हाय,” आणि भाकरी उलटायचीस.

मला समुद्र दाखव, असं मी तुला किती वेळा म्हटलं असेन? नागफणीच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं. आभाळ निवळ असलं तर पार लांब एक चमकती रेघ दिसते. तो समुद्र की खाडी की नुसतं ऊन, कुणी खात्रीनं सांगत नाही. तू म्हणायचीस, सुगी झाली की जाऊ. पाच सुग्या झाल्या. विलायतेचे सात किनारे जिच्या पायाखालून गेले तिच्या पोटच्या पोरीनं घाटाखालचा एक किनारा पाहिला नाही. अजून पाहिलेला नाही, हेही लिहून टाकते. आता मी कमावती आहे, तिकीट काढून कधीही जाऊ शकते. जात नाही. तुझ्यावाचून बघायचा नाही असा हट्ट आहे, आणि हट्टाला काय, वय नसतं.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घरटी माणूस पडत होतं, उचलायला चौघे मिळत नव्हते. तिसऱ्या दिवशी तुझा ताप जरा उतरला आणि तू चुलीकडे बोट केलंस. मी सातवा दगड आणून तुझ्या हातात दिला. तू सांगितलंस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. “तितं कुनीच नवतं. मेमसाब आन् पोर वर गवतात झोपल्याली. म्या पान्याच्या कडंला हुबी ऱ्हायले आन् तुला हाका मारल्या. लय मारल्या. घसा बसला. मेमसाब म्हनली, आया, सर्दी झाली का. म्या व्हय म्हनले.” तू दगडावरची पांढरी रेघ अंगठ्यानं पुसलीस. मग म्हणालीस, “तवा ह्यो पायाला लागला. मला वाटलं, तूच ओ दिलीस. तुला हितं कदी आयकू आलं का गं?” मी चौदा वर्षांची होते. माझ्या अंगात सात वर्षांची फलाटावरची पोर होती, फणी मोजणारी पोर होती आणि थोबाडीत खाल्लेली पोर होती, आणि त्या तिघींनी मिळून उत्तर दिलं. मी म्हणाले, “न्हाई.” खरंच तर होतं. तू मान हलवलीस आणि दगड माझ्या हातात परत दिलास. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

आता दगडांचं ऐक, कारण तिथंच मी माती खाल्ली. तूच मेमसाहेबाकडून शब्द घेऊन ठेवला होतास, म्हणून मला पुण्याला मुलींच्या वसतिगृहात शिकायला धाडायचं ठरलं. दगड तिकडे नेले तर मुली हसतील, याची मला लाज. घरी ठेवले तर काका त्या वर्षी खाचराचा बांध घालत होता आणि दिसेल तो दगड उचलत होता. मी विचार केला, की कुठल्या दगडाला कुणी हात लावत नाही? ज्याला शेंदूर असतो त्याला. मावशीच्या डबीतला शेंदूर घेतला, तेलात कालवला, आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला, उंबराखाली, साती दगड ओळीनं मांडून त्यांना चोपडला. शिकून येईन, तेलाचं बोट लावून पुसून टाकीन आणि घेऊन जाईन. चौदा वर्षांच्या मुलीला आपली अक्कल केवढी मोठी वाटते! पाण्याच्या काठी, उंबराखाली, एका ओळीत, शेंदूर लावलेले सात दगड. आपल्या मावळात शेंबड्या पोरालाही विचारलं तरी ते सांगेल, की त्या साती आसरा. पाण्यातल्या सात बहिणी, ज्यांना दहीभात लागतो आणि ज्यांची खोडी काढू नये. करायला गेले काय आणि वरती झाले पाय.

चार वर्षांनी मी परत आले तर हिरव्या बांगड्यांचा ढीग, खण, हळदकुंकू, दह्याचे द्रोण. कुणाची म्हैस आटली होती ती त्यांच्या अंगाऱ्यानं दूध द्यायला लागली, कुणाची सून नांदायला परत आली. शुक्रवारी तर उभं राहायला जागा नाही. जिथं कुणी येत नाही अशा जागांचे तुझे ते दगड, आणि त्यांच्याभोवती ही रेटारेटी. मी मावशीला गाठलं. तिनं ते दगड पाच वर्षं चुलीच्या कडेला पाहिले होते, त्यांच्यावर उलथनं टेकवलं होतं, एकदा तर त्यातल्या एकानं लसूण ठेचला होता. म्हटलं, मावशी, तुला तरी माहीत आहे ना हे काय आहे? मावशी आधी हात जोडून त्यांच्या पाया पडली, मग माझ्याकडे वळली. “तवा दगूड व्हते,” ती म्हणाली. “आता न्हाईत.”

तरी मी गप्प बसले नाही. एका शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाले, की हे माझ्या आईनं विलायतेच्या समुद्रावरून आणलेले दगड आहेत, पत्र्याच्या पेटीतून, आणि शेंदूर मी फासलाय. मला वाटलं, लोक चिडतील, मारायला उठतील. कसलं काय. एक म्हातारा भक्तिभावानं म्हणाला, म्हणजे आसरा समिंदर वलांडून आल्या. झालं. पुढच्या शुक्रवारी गर्दी दुप्पट. मी जेवढं खरं बोलले तेवढा देव मोठा झाला. तेव्हापासून मी झऱ्याकडे जाणं सोडलं. पुढे लोणावळ्याच्या शाळेत नोकरी लागली; तिथून रविवारी मावशीला भेटायला जायचे तीही वरच्या वाटेनं, झरा चुकवून. मावशी गेल्यावर तेही थांबलं.

काल ती बातमी वाचली आणि आज रविवार. सकाळी उठून बोथट सुरी, तेलाची बाटली आणि जुनं फडकं पिशवीत घातलं आणि निघाले. ठरवलं, की बाकीचे सहा ठेवा तुमच्यासाठी, माझा मला द्या. भर दुपारी झऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. पण आई, त्यांचं काय झालंय ते तू पाहायला हवं होतंस. वीस-बावीस वर्षांचा शेंदूर, थरावर थर. मुठीएवढे दगड भोपळ्याएवढे झालेत. चपटा कुठला, गोल कुठला, काही ओळखू येत नाही. सगळे सारखे, सगळे तांबडे. माझ्या आठवणीत मी मुक्याला डावीकडून तिसरा ठेवला होता, पण लोकांनी मधे कधी चौथरा बांधला तेव्हा ते हललेही असतील. तरी तिसऱ्याला तेल लावलं आणि खरवडायला लागले. बोटभर खोल गेले तरी शेंदूरच. डोळ्यांत पाणी आलं ते रागानं आलं, आणखी कशानं नाही.

तेवढ्यात पाऊल वाजलं. खालच्या वाडीतली एक म्हातारी, हातात दहीभाताचा द्रोण. मी सुरी पदराआड केली. तिनं मला ओळखलं, मास्तरीणबाई म्हणाली, आणि नैवेद्य ठेवून बसली. मी वाट बघत राहिले, ही नवस बोलेल आणि जाईल. तिनं काही मागितलं नाही. तिनं दगडांकडे तोंड करून एका माणसाचं नाव घेऊन हाका मारल्या. मोठ्यानं, शेताच्या या टोकाहून त्या टोकाला मारतात तशा. पाच-सहा वेळा. मग मला सांगितलं, की तिचा मुलगा पलटणीत आहे, बोटीनं गेलाय, पाच महिने झाले कागद नाही. ती दर रविवारी येते, कारण शुक्रवारी लोक असतात आणि लोकांसमोर ओरडायची लाज वाटते. “ह्या समिंद्रापल्याडच्या हायती,” ती म्हणाली, “त्यास्नी वाट ठावं आसंल.” आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुमी शिकल्याल्या. त्याला तितं आयकू जात आसंल न्हवं?”

मी शिकलेली. मी वर्गात भुताखेतांवर हसणारी, मुलींच्या दंडावरचे गंडेदोरे सोडायला लावणारी. माझ्या हाताला शेंदूर, पदराआड सुरी. मी म्हणाले, “व्हय.” पुस्तकातलं होय नाही, व्हय. म्हातारीनं मान हलवली, अगदी तू हलवली होतीस तशी, पण तिच्या तोंडावर जे आलं ते तुझ्या तोंडावर मी येऊ दिलं नव्हतं. एवढा सोपा शब्द होता, आई. तापात पडलेल्या तुला तो द्यायला माझं काय जात होतं? बावीस वर्षांनी दिला, आणि दिला तो भलत्याच बाईला. ती गेल्यावर चौथऱ्यावरच्या वाटीतला शेंदूर तेलात कालवला आणि खरवडलेली जागा बुजवली. दगड तिथंच राहिला. आता तो माझ्या एकटीचा राहिलेला नाही, आणि याचा मला अजून राग आहे, मी काही संतीण झालेली नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं? तुला वाचता तर कधी येतच नव्हतं. दिवा लावायच्या आधी घडी घालून तुझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवते. तिला अजून आतून खारट वास येतो, की मला तसं वाटतं. एकच राहिलं. म्हातारीला व्हय म्हटलं ते तिचं मन राखायला, अशी मी घरी येईपर्यंत स्वतःची समजूत घालत होते. पण ती वळणाआड गेल्यावर, कुणी बघत नाही ना ते दोनदा पाहून, मीही तुला हाका मारल्या. तिसऱ्या दगडाकडे तोंड करून, घसा बसेपर्यंत. तो मुका होता की कुत्र्यांचा, ते मला ठाऊक नाही.